ऑइल बदलायची घाई नको

४ फेब्रुवारी

मामा,

लांबूनच वाकून नमस्कार करते आहे. आशीर्वाद पोस्टाने पाठवा.

फोनवर तुम्हाला माझं अर्धं बोलणं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. मागच्या खेपेला मी म्हटलं, क्लच जड लागतो, तर तुम्ही सांगितलंत, "चष्मा जड असेल तर फ्रेम बदल." म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलंय.

गाडी मजेत आहे. मागची सीट आडवी केली की कापडाचे तागे, पडद्यांचे रॉड आणि माझी छोटी शिडी असं सगळं मावतं. पूर्वी हाच संसार घेऊन मी बसने जायचे. तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या पाठीत रॉड टोचायचा आणि मी उतरेपर्यंत माफी मागत असायचे. आता थेट गिऱ्हाइकाच्या दारात जाते, खिडक्यांची मापं घेते आणि शिवून झालं की पडदे टांगून येते. ही गाडी तुम्ही मला दिलीत तेव्हा, खरं सांगायचं तर, माझी भीतीने गाळण उडाली होती. चाळिशी उलटल्यावर लायसन्स काढणारी बाई मी. पण आता आमची दोघींची गट्टी जमली आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या कोपऱ्यावर एक गॅरेज आहे. ते एक काकू चालवतात, आणि सगळे त्यांना गॅरेजवाल्या काकूच म्हणतात. हवा भरायला गेले तर त्या म्हणाल्या, "इंजिन ऑइल बदलून घे." मी घरी येऊन गाडीची पुस्तिका काढली. तिच्यात म्हटलंय की दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल तेव्हा बदला. तुम्ही गाडी मला द्यायच्या आधी ऑइल बदललं होतं, म्हणजे वर्ष व्हायला बराच अवकाश आहे, आणि माझं चालवणं म्हणजे जेमतेम दोन हजार. मग काकूंचं ऐकू की पुस्तिकेचं?

गाडी मूळची तुमची. तुम्ही सांगाल तसं करीन. ताईला सांगा, तिच्या बैठकीच्या खोलीचे पडदे मी शिवणार आहे, बाजारातून आणू नकोस.

तुमची
ठकू

*

११ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद सोबत आहेत, पाकीट उघडताना सांडू नकोस.

अक्षर मोठं आहे म्हणून हसू नये. माझे डोळे समोरचं बघतात, बाजूचं बघत नाहीत. तेवढ्यासाठी माझं स्टिअरिंग गेलं. पण भिंग घेऊन लिहिता-वाचता येतं आणि वेळेला तर तोटा नाही.

तुझा प्रश्न चांगला आहे. चांगला म्हणजे एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होता येणार नाही असा. पुस्तिका चुकीची नाही. पण ती लिहिणाऱ्याने तुला पाहिलेलं नाही. मी दातांचा डॉक्टर होतो तेव्हा सगळ्यांना सांगायचो, सहा महिन्यांनी या. पण दिवसभर गोड गोळ्या चघळणाऱ्याला सांगायचो, तीन महिन्यांनी या, आणि खिसे रिकामे करून या. गाडीचंही तसंच असतं. किती चालली याच्याइतकंच कशी चालली हेही बघावं लागतं.

तू एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जातेस. इंजिन नीट तापायच्या आत ते बंद करतेस. थंड इंजिनात थोडं पेट्रोल न जळताच ऑइलमध्ये उतरतं आणि थोडी वाफ पाणी होऊन बसते. लांबच्या प्रवासात इंजिन चांगलं तापलं की हे सगळं उडून जातं. आखूड फेऱ्यांत ते तिथेच मुक्काम ठोकतं. म्हणून कमी चाललेल्या गाडीचंही ऑइल लवकर खराब होऊ शकतं. होऊ शकतं म्हणतोय, झालंच आहे असं नाही.

तेव्हा आधी तपासणी. गाडी सपाट जागी लाव. इंजिन बंद करून ऑइल खाली उतरेपर्यंत थांब. ऑइल मोजायची पट्टी काढ, स्वच्छ फडक्याने पूस, पुन्हा पूर्ण आत घाल, पुन्हा काढ. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. रंग काळपट असेल तर घाबरू नकोस. मळ स्वतःत घेणं हे त्याचं कामच आहे. बोटांच्या चिमटीत चोळून बघ, कण लागतात का. वास घे, पेट्रोलचा येतो का. आणि जिथून ऑइल ओततात ते टोपण उघडून आतल्या बाजूला दुधाळ फेस आहे का बघ.

शेवटचं आणि महत्त्वाचं. पट्टीवरचा एक थेंब जाड पांढऱ्या कागदावर टाक, एक रात्र वाळू दे आणि मला पाठव.

तोवर घाई नको. गॅरेजवाल्या बाईंना सांग, मामा विचार करतोय.

मामा

*

२० फेब्रुवारी

मामा,

तपासणी पार पडली. आधी मी भलतंच टोपण उघडलं आणि काच धुवायच्या पाण्यात डोकावून तुम्हाला कळवायला निघाले होते की ऑइल निळं झालंय. शेजारचे आजोबा गॅलरीतून बघत होते. ते म्हणाले, "अहो, ते दुसरं."

स्वच्छ फडकं म्हणून हाताला लागलं ते नेमकं एका गिऱ्हाइकाच्या साटिनचं नमुन्याचं कापड. आता त्या बाईंना सांगावं लागेल, हा रंग संपला.

तर अहवाल असा. पातळी वरच्या खुणेपाशी. रंग कडक कॉफीसारखा. कण नाहीत. पेट्रोलचा वास येतोय असं मला वाटतं, पण मी तोवर इतक्यांदा वास घेतला होता की जेवणालाही तोच येत होता. टोपणाच्या आत किंचित फेस आहे, बोटाच्या टोकाएवढा. थेंब सोबत जोडला आहे. पोस्टमनच्या हाताला लागला असेल तर माझ्यातर्फे माफी मागा.

तुमचा निरोप मी काकूंना दिला. त्या गाडीखाली झोपल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "मामांचा विचार होईपर्यंत इंजिनाचा विचार कोण करणार?"

उत्तराची वाट बघते.

ठकू

*

२७ फेब्रुवारी

ठकू,

ऑफिसातून लिहिते आहे. घरून फोन केला असता, पण बाबा समोरच असतात. बाकी काही ऐकू येत नाही म्हणतात, मात्र त्यांच्याविषयी बोललं की शब्दन्‌शब्द ऐकू येतो.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. गाडी तुझ्याकडे गेली आणि बाबा माझ्याकडे आले, तेव्हापासून ते खुर्ची भिंतीकडे करून बसायचे. दाढी करायची तर मी दोनदा सांगायचं. खाली फिरून या म्हटलं की, "कुठे जायचंय?" मी पंपांच्या कारखान्यात काम करते, महिन्यातून आठवडाभर बाहेरगावी असते. घरी फोन केला की तेच, "ठीक आहे." ठीक काहीही नव्हतं.

आणि परवा तुझा तो थेंब आला. बाबांनी भिंग शोधलं, मग त्याहून मोठं भिंग शोधलं. टेबल लॅम्प खिडकीपाशी नेला. कागद माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "काय वास येतो सांग, खरं सांग." जेवताना तासभर बोलत होते. मला आता इंजिनाच्या पोटातलं सगळं माहीत आहे. काल स्वतःहून दाढी करून खाली गेले आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाले, "तुमच्या गाडीचं बॉनेट जरा उघडाल का?" त्यांना आधी वाटलं, आजोबांचं काहीतरी बिघडलंय. आज सकाळी त्यांनी आपणहून उघडलं.

म्हणून विनंती. ते ऑइल इतक्यात बदलू नकोस. आणि बदललंच असशील तर त्यांना सांगू नकोस.

तुझी
ताई

*

४ मार्च

ताई,

तुझं पत्र उशिरा पोचलं. मागच्या शुक्रवारी हॉर्न दुरुस्त करायला गेले होते, आणि बोलता बोलता काकूंनी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलूनही टाकलं. मी म्हटलं, "अहो, मामांचं उत्तर यायचंय." तर म्हणाल्या, "येऊ दे की."

तू काळजी करू नकोस. मामांच्या लेखी जुनंच ऑइल अजून गाडीत आहे. ते चांगले वर्षभर विचार करोत. थेंबांचीही सोय झाली आहे. काकूंकडे रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीचं जुनं ऑइल निघतं, त्यातला एकेक पाठवत जाईन. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या पाना खाली ठेवून बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "मामांना म्हणावं, सावकाश."

मामा भिंतीकडे तोंड करून बसतात हे वाचून मात्र मशीनवर हात चालेना. ज्यांच्या दवाखान्यात आपण दोघी खुर्ची गरागरा फिरवून ओरडा खायचो, तेच हे मामा.

ठकू

*

८ मार्च

मामा,

तुमच्या उत्तराची वाट बघते आहे आणि तोवर ऑइलला हात लावू दिलेला नाही. काकू रोज विचारतात. मी म्हणते, घाई नको.

आज पुन्हा पट्टी काढून बघितली. रंग आणखी गडद झालाय. नवीन थेंब पाठवते आहे. मागच्यापेक्षा घट्ट वाटतो, की मलाच तसं वाटतंय? आणि एक विचारायचं होतं. सकाळी थंड गाडीत घेतलेला थेंब आणि दुपारी फिरून आल्यावर घेतलेला थेंब, यांत फरक असतो का? तुम्ही सांगितलंत तर दोन्ही वेळेस घेऊन पाठवीन. मला काही त्रास नाही, खरंच.

ठकू

*

१७ मार्च

ठकू,

दुसरा थेंब मिळाला. फार बोलका थेंब आहे.

त्याचा मी सर्व बाजूंनी अभ्यास केला. मध्ये गडद गाभा आहे, भोवती कडं आहे, कड्याच्या बाहेर फिकट झालर आहे. पहिल्या थेंबाशी याचं फारसं नातं दिसत नाही. पण भावंडांतही कधीकधी दिसत नाही. तेव्हा आत्ताच निर्णय नको. सकाळ-दुपारचा तुझा प्रश्न मार्मिक आहे. दोन्ही पाठव.

आणि एकदा लांबवर जाऊन ये. हायवेला लाग, इंजिन तासभर एका चालीत तापू दे, आणि परतल्यावर थेंब घे. म्हणजे बसलेलं पेट्रोल उडालं की नाही ते कळेल.

इकडे मी बरा आहे. खालच्या मजल्यावरच्या बाई शिक्षिका आहेत. त्यांच्या गाडीत ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. आता त्या मला जाता-येता हात करतात. समोर एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. ते चालवणाऱ्या बाईंनी मला दोनदा कुणाच्या तरी बॉनेटमध्ये वाकलेलं पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही मेकॅनिक होता का?" मी म्हटलं, "साधारण तसंच. फक्त गिऱ्हाइकं ओरडायची."

लेकीचं होस्टेलवर कसं चाललंय? घरात तू एकटी, करमतं ना? मोठी पत्रं लिहीत जा. ऑइलखेरीज दुसरंही लिहिलंस तर चालेल.

मामा

*

२ एप्रिल

मामा,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. रविवारी गाडी हायवेवर नेली. काय सांगू, मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं, खिडकी उघडी. ट्रकवाले अदबीने वाट देत होते. मी पुलापलीकडे चांगली तासभर गेले, एका टपरीवर चहा प्यायले आणि परत आले. इंजिन असं एकसुरात चाललं होतं की मला आमचं जुनं मशीन आठवलं. परतल्यावर लगेच थेंब घेतला, तो हा. सकाळचा आणि दुपारचा असे वेगळे दोन आहेत, मागे खूण केली आहे.

ऑइल बदलायचं की नाही? मला वाटतं, अजून थोडं थांबावं. तुमचं काय मत?

लेक मजेत आहे, तिला फोन करायला फुरसत नाही, म्हणजे मजेतच असणार. करमतं हो. दिवसभर काम असतं, संध्याकाळी टीव्ही असतो.

ठकू

*

१० एप्रिल

ठकू,

खुर्चीत नीट टेकून बस. तोंड उघडायची गरज नाही, मीच बोलणार आहे.

चाळीस वर्षं माणसं माझ्यासमोर तोंड उघडून खोटं बोलत आली. "डॉक्टर, रोज दोन वेळा घासतो." मी आत बघत असायचो आणि दात मला सगळं सांगत असायचे. तेव्हा ऐक. तू पाठवलेले हायवेचे थेंब काजळीसारखे काळे आहेत, मध्यापासून कडेपर्यंत. वास तर इतका खणखणीत आहे की ताईने पाकीट गॅलरीत ठेवायला लावलं. ठकू, आपली गाडी पेट्रोलवर चालते. हे ऑइल डिझेलच्या गाडीतलं आहे, आणि ती गाडी बरीच थकलेली आहे. ती कुणाची आहे ते मला माहीत नाही, पण मालकाला सांग, लक्ष दे.

दुसरा थेंबही आपला नव्हता. तो एखाद्या टॅक्सीचा असावा. म्हणजे आपल्या गाडीचं ऑइल तू केव्हाच बदललं आहेस. बरोबर? लहानपणी तुझं तोंड बाहुलीसारखं गोल होतं म्हणून आम्ही तुला ठकू म्हणायला लागलो. पुढे तू मला असं ठकवशील हे कुणाच्या मनात आलं होतं?

रागावलो नाही. तुझा तो पहिला थेंब खरा होता, आणि त्यानेच मला सगळं सांगितलं होतं. पेट्रोल मिसळलंय, फेस धरलाय, पातळी वर चढलीय, बदलायला हवं. तुमच्या गॅरेजवाल्या बाई पहिल्याच दिवशी बरोबर बोलल्या होत्या. मी तसं लिहायलाही बसलो. मग वाटलं, बदल म्हणून लिहिलं की संपलं, ही पोर कशाला पुन्हा पत्र लिहील? लेक गेली शिकायला, घर रिकामं. निदान मामाला विचारायच्या निमित्ताने चार ओळी लिहिते, मन रमतं तिचं. दोन-अडीच आठवड्यांत तुझा दुसरा थेंब आला. मग काय, म्हटलं, हिला हवंय तोवर विचार करत राहू. आठवडा-दोन आठवड्यांनी इंजिनाचं काही बिघडत नाही, आणि बदललेल्या ऑइलचं तर मुळीच नाही.

आता दुसरी गोष्ट. समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी मला विचारलंय, त्यांच्याकडे शिकणाऱ्यांना गाडीची काळजी कशी घ्यायची ते सांगाल का, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. मी हो म्हणून बसलोय. त्यांच्या शिकवायच्या गाड्या त्या दिवशी बाहेर असतात. मला बॉनेट उघडून दाखवायला गाडी हवी, आणि ती माझ्या हाताखालची हवी. तू घेऊन ये. हायवेची तर तुला आता चांगली सवय झाली आहे.

मामा

*

१६ एप्रिल

मामा,

पत्र वाचून आधी मान खाली गेली आणि मग इतकं हसू आलं की सुई बोटात गेली.

तुम्ही माझं मन रमवत होतात? मामा, मी तुमचं रमवत होते. भिंतीकडे खुर्ची करून बसणाऱ्या माणसाला उठवायचं म्हणून ताईने आणि मी मिळून हा सगळा उद्योग केला. ते डिझेल बेकरीच्या व्हॅनचं होतं. काकूंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वासावरून ओळखलं? त्यांना इकडेच पाठवून दे." आणि लगेच बेकरीवाल्याला बोलावून घेतलं.

पण एक सांगू? तुमचंही बरोबरच होतं. संध्याकाळी मशीन बंद केलं की घर एवढं शांत व्हायचं की मी टीव्ही नुसता आवाजासाठी लावायचे. तुम्हाला पत्र लिहायचं असलं की दिवसभर मनात जुळवाजुळव चालायची, आज काय खोटं लिहू. फार छान गेले हे दिवस.

आता खरं काय ते लिहिते. ती हायवेची गोष्ट तर साफ खोटी. मी पुलापलीकडे गाडी एकदाही नेलेली नाही. मला शिकवणाऱ्याने गल्ल्यांमधून फिरवून परीक्षा पास करून दिली. पुलाच्या चढावर ट्रक मागे लागला की माझ्या हाताला घाम येतो, आणि मी पेट्रोल पंपापाशी वळून घरी येते. लांबची गिऱ्हाइकं सोडून देते. म्हणते, वेळ नाही. वेळ आहे, धीर नाही.

मला यायचंय, मामा. पण मला जमेल असं वाटत नाही. तुम्ही शिक्षिकाबाईंच्या गाडीवर काम भागवा ना.

ठकू

*

२१ एप्रिल

ठकू,

ताईकडे गाडी नाही आणि ती त्या आठवड्यात कामाला बाहेरगावी आहे. शिक्षिकाबाई शनिवारी माहेरी जातात. तेव्हा तूच.

तुला रस्ता येतो, फक्त रुंद रस्ता येत नाही. पहाटे नको, सकाळी ऊन आल्यावर निघ. डावीकडची लेन धर आणि ती सोडू नकोस. ट्रक मागून आला तर त्याला तुझ्यापेक्षा घाई आहे, तो जाईल. त्याला जागा द्यायला जाऊ नकोस, तू फक्त तुझी जागा धरून राहा, त्याची त्याला सापडते. भीती वाटली तर मीटरकडे बघू नकोस, लांब बघ. हे मी तुला सांगतोय, कारण आता मला समोरचं लांबचं तेवढंच दिसतं, आणि पुष्कळ दिसतं.

मध्ये दोनदा थांब. चहा पी. या खेपेला खरा.

नाही आलीस तरी मी तुझा मामाच आहे. पण ये.

मामा

*

२६ एप्रिल, रविवार

ताई,

तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच टेबलावर बसून लिहिते आहे. तू मंगळवारी परत आलीस की हे पत्र वाच. फोनवर मामा मला सगळं नीट सांगू देणार नाहीत, मध्येच दुरुस्त्या करतील.

मी आले. आधी ते सांगते. शुक्रवारी सकाळी निघाले तेव्हा गॅरेजवाल्या काकू टायर बघायला म्हणून दारात आल्या होत्या. टायर बघून झाले तरी जाईनात. मग म्हणाल्या, "पूल झाला की मला फोन कर." पुलाच्या चढावर नेहमीप्रमाणे एक ट्रक मागे लागला. पंप आला. माझा हात सवयीने इंडिकेटरकडे गेला, आणि मी तो उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला. बाकी काही शौर्य नाही, एवढंच. पंप मागे गेला, आणि मग परत फिरायला जागाच नव्हती, पुढेच जावं लागलं. ट्रक माझ्या शेजारून गेला. भलामोठा, धडधडत, आणि मागे काही तरी लिहिलेलं होतं ते वाचायच्या आत गेलासुद्धा. मी मोठ्याने म्हटलं, "जा बाबा." आणि मग मला रडू आलं, आणि रडता रडता लक्षात आलं की गाडी सरळ चालली आहे.

अर्ध्या तासाने इंजिनाचा आवाज बदलला. म्हणजे बिघडला नाही, मऊ झाला. इतके महिने मी ती गाडी चालवते आहे, पण पूर्ण तापलेल्या इंजिनाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मामा हेच लिहीत होते आणि मी नुसती मान डोलावत होते. चहाला थांबले तिथून काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कळलं. आता माझा वेळ खाऊ नकोस," आणि त्यांचा आवाज ओला झाला होता.

मामा खाली रस्त्यावर उभे होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. शिक्षिकाबाई सांगत होत्या, सकाळपासून येरझाऱ्या चालल्या होत्या. मला वाटलं, आधी मला जवळ घेतील. त्यांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मग माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "दोघी व्यवस्थित तापलात." एवढंच. पण हात बराच वेळ उचलला नाही.

आता शनिवारचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या आवारात गाडी लावली होती. बाईंनी खुर्च्या मांडल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत. शिकणारे होते, त्यांचे आईबाप होते, काही जण नुसते गर्दी बघून आले होते. मामा पहिली पाच मिनिटं हिरड्यांवर बोलले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांनी ऑइलची पट्टी काढली. बोटं तशीच चालतात गं त्यांची, न बघता. पट्टी पुसली, घातली, काढली, बोटांत चोळली, आणि सगळे पुढे सरकले.

एक बाई म्हणाल्या, "डॉक्टर, उगाच खोलात नको. नेमकं कधी बदलायचं, एक आकडा सांगा."

मामा म्हणाले, "आकडा पुस्तिकेत आहे, तो माझ्यापेक्षा चांगला आहे. तुम्ही गाडी कशी चालवता ते सांगा."

"कशी म्हणजे? आईकडे जाते. रोज. दोन गल्ल्या सोडून राहते ती."

"रोज?"

"दोनदा."

"मग पुस्तिकेतली निम्मी मुदत धरा," मामा म्हणाले, "आणि एखाद्या रविवारी आईला घेऊन लांब फिरून या. गाडीलाही बरं, आईलाही बरं."

त्या बाई खाली बसल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "आई कधीची म्हणते आहे."

तिथून पुढे भाषण राहिलंच बाजूला. कुणी म्हणालं, माझी पण गाडी बघा. मग दुसऱ्याने आणली. मी चहा पिऊन आले तोवर आवाराच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या, बॉनेट उघडी टाकून. मामा एकेकापाशी जायचे, आधी मालकाला विचारायचे, कुठे जाता, किती जाता, कुणाला घेऊन जाता. मग वास. मी फडकी पुरवत होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी माझ्या कानात विचारलं, दर शनिवारी येतील का. मी म्हटलं, त्यांनाच विचारा. त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "बघतो. मला वेळ काढावा लागेल." आणि हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले, ताई.

उन्हं उतरली. मी घरी येऊन जेवण गरम केलं, वाढून ठेवलं, आणि त्यांना बोलवायला गेले. म्हटलं, "मामा, चला, सकाळपासून काही खाल्लेलं नाही तुम्ही."

मला म्हणाले, "थांब जरा. अजून तिघं बसलेत."

खरंच तिघं बसले होते, भिंतीलगतच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, थोडे घाबरलेले.  मी तिथल्याच पायरीवर बसले आणि तुझी आठवण काढली. मामांनी हात पुसले, फडकं खांद्यावर टाकलं, आणि तुझ्या-माझ्या लहानपणी दवाखान्याचं दार किंचित उघडून जसं म्हणायचे ना, अगदी त्याच आवाजात म्हणाले,

"हं, पुढचे कोण? या."

ठकू